शोनागोनच्या सात फळ्या : एकट्याच्या डावाचा एक इतिहास

१

उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा परीक्षा विभागात जमा करून झाला, की मराठीच्या प्राध्यापकाला दोनतीन दिवस वाचनच नकोसे होते. अशाच एका रिकाम्या आठवड्यात आम्हा दोघांच्या हाती एक खेळ आला. एकाच्या भाच्याने परदेशातून येताना आणलेला. खेळाचे नाव ‘बोन्साय’. इटलीतील तिघा रचनाकारांनी तो सिद्ध केला आणि २०२३ साली तो प्रकाशित झाला. पेटीत षट्कोनी तुकडे : खोडाचे, पानांचे, फुलांचे आणि फळांचे. खोडाला खोड जोडायचे, खोडालगत पान ठेवायचे, पानालगत फूल, आणि दोन पानांच्या बेचक्यात फळ. असे करत करत टेबलावर एक वाकडेतिकडे, डौलदार झाड उभे राहते. चौघांपर्यंत कितीही जणांनी खेळावे किंवा एकट्याने, अशी दोन्ही सोय. आम्ही दोघे असूनही तो आळीपाळीने एकेकट्यानेच खेळलो. एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने शेजारी चहा घेत न बोलता बघायचे, हा नियम पेटीत नव्हता, तो आमचा.

खेळ सुखद आहे यात शंका नाही. घाई नाही, कुरघोडी नाही, फासे नाहीत. फुलाच्या गुणांचा नियम तर आम्हांला फारच आवडला : फुलाच्या जितक्या बाजू मोकळ्या राहतील तितके त्याचे गुण अधिक. रिकाम्या जागेलाही मोल असते हे तत्त्व इतक्या सहजपणे आम्हांला एखाद्या सौंदर्यशास्त्राच्या तासातही सांगता आलेले नाही.

पण तिसऱ्या-चौथ्या डावानंतर एक प्रश्न मनात घर करू लागला. इटलीत रचलेल्या खेळाला शांतपणाचा वेश चढवायचा, तर तो जपानचाच का असावा? आणि ज्या जपानचे नाव घेऊन आपण एकटे बसून तुकडे जुळवतो, त्या जपानात खरोखर कोणी एकटे बसून तुकडे जुळवत होते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच वाचनात होते. आमच्या पिढीला जपान भेटला तो मुख्यतः हायकूतून. शिरीष पै यांनी तो काव्यप्रकार मराठीत रुजवला, आणि बेडूक, तळे, पान, पाऊस, आणि त्यांच्याभोवतीची निःशब्दता हे आमचे जपानचे चित्र झाले. पुढे झेन, वाळूच्या बागा, चहाचा विधी यांची भर पडली. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. दुसऱ्या प्रश्नाचा माग काढताना आम्ही जिथे पोचलो, तिथे निःशब्दता फारशी नव्हती. तिथे एक अतिशय बोलकी, हजरजबाबी आणि काहीशी गर्विष्ठ बाई भेटली. प्रस्तुत लेख त्या भेटीविषयी आहे.

२

इ. स. १७४२ साली, म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती तेव्हा, जपानात एक लहानसे पुस्तक छापले गेले. लेखकाने ‘गानरेइकेन’ हे टोपणनाव घेतले होते. पुस्तकाचा विषय एक खेळ : एका चौरसाचे सरळ रेषांत सात तुकडे करायचे, आणि ते सातही तुकडे वापरून दिलेली आकृती जुळवायची. तुकडा तुकड्यावर चढवायचा नाही, एकही उरवायचा नाही. पुस्तकात ४२ आकृत्या होत्या आणि त्यांची उत्तरेही होती. खेळाचे नाव ‘सेइ शोनागोन चिए नो इता’. ‘चिए’ म्हणजे बुद्धी, चातुर्य. ‘इता’ म्हणजे फळी. सेइ शोनागोनच्या चातुर्यफळ्या, असे त्याचे मराठी करता येईल.

वाचकांपैकी अनेकांना लगेच टॅनग्राम आठवेल. तोही चौरसाचा आणि सात तुकड्यांचा. पण दोन्हींतले तुकडे वेगळे आहेत. टॅनग्राममध्ये पाच त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन असतो. जपानी खेळात त्रिकोण कमी आणि समलंब चौकोनही आहेत. टॅनग्रामचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने पुस्तक चिनी असून ते १८१३ सालचे आहे. म्हणजे लेखी पुराव्यापुरते बोलायचे तर जपानी पुस्तक त्याहून ७१ वर्षांनी जुने ठरते.

यावरून खेळाचे मूळ जपानी ठरवण्याची घाई मात्र करू नये. या कुळाचे पूर्वज अभ्यासक चीनमध्येच शोधतात, आणि ते सापडतात अनपेक्षित ठिकाणी, जेवणावळीत. सोंग राजवटीच्या काळात मेजवानीच्या टेबलांचे आराखडे देणारा एक ग्रंथ होता. सात आयताकृती टेबले, पाहुण्यांच्या संख्येनुसार आणि प्रसंगानुसार ती वेगवेगळ्या आकृत्यांत मांडायची. १६१७ साली ग शान या लेखकाने याच कल्पनेतून तेरा टेबलांचा ‘फुलपाखरू-टेबलां’चा संच मांडला, त्यात त्रिकोण आणि समलंब चौकोनही आले. टेबलांचे आकार असे तिरपे झाल्यावर तुकड्यांचा खेळ फार दूर राहिला नव्हता.

आम्हांला या वंशावळीतली विसंगती फार मोलाची वाटते. आज आपण ज्याला एकट्याचा खेळ म्हणतो, त्याचा पूर्वज पंगत मांडण्याची कला होता. पाने कशी वाढावीत, कोण कोणाशेजारी बसावे, आलेल्या माणसांना सामावून घेणारी जागा कशी करावी, हा मूळ प्रश्न. पुढे माणसे उठून गेली, टेबले हातात मावतील एवढी झाली, आणि मांडणी तेवढी उरली.

३

आता नावाकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्याला खरी उत्सुकता तिथे आहे.

सेइ शोनागोन ही दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेली जपानी लेखिका. साधारण इ. स. ९९३ पासून ती सम्राज्ञी तेइशीच्या सेवेत होती, आणि अकराव्या शतकाच्या अगदी आरंभी पूर्ण झालेले तिचे ‘माकुरा नो सोशी’, म्हणजे ‘उशाची वही’, हे जपानी गद्याचे एक शिखर मानले जाते. तिचे खरे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. ‘सेइ’ हे तिच्या कियोहारा कुळाच्या नावातल्या अक्षराचे उच्चारण, आणि ‘शोनागोन’ हे दरबारातले एक पद. वडील मोतोसुके हे नामवंत कवी. ‘गोसेन्शू’ या राजाज्ञेने झालेल्या काव्यसंग्रहाच्या संपादकांपैकी एक.

‘उशाची वही’ची रचना एकसंध नाही. त्यात दरबारातले प्रसंग आहेत, चिंतने आहेत, आणि प्रसिद्ध अशा याद्या आहेत : मन प्रसन्न करणाऱ्या गोष्टी, चीड आणणाऱ्या गोष्टी, जवळ असून दूर वाटणाऱ्या गोष्टी. अशा मोकळ्या लेखनाला पुढे जपानीत ‘झुइहित्सु’, म्हणजे ‘कुंचला नेईल तिकडे जाणारे’ लेखन, हे नाव मिळाले. आपल्या ललितगद्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे आवर्जून पाहावे असे आम्हांला वाटते.

या याद्यांपैकी एक आमच्या विषयाच्या अगदी मध्यावर येऊन बसते. कंटाळवाण्या, रिकाम्या वेळेत जीव रमवणाऱ्या गोष्टींची ही यादी. तिच्यात पहिल्या तीन जागा कोणाच्या? गो हा पटावरचा खेळ, सुगोरोकू हा फाशांचा खेळ, आणि कथा. आपण वर्गात खेळाला करमणूक आणि कथेला साहित्य म्हणून त्यांच्यामध्ये भिंत घालतो. शोनागोनला त्यांच्यामध्ये काही घालावेसे वाटले नाही. रिकाम्या वेळेसाठी तिने वापरलेला ‘त्सुरेझुरे’ हाच शब्द पुढे चौदाव्या शतकात केन्कोच्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या निबंधसंग्रहाच्या शीर्षकात येऊन बसला. गंमत अशी, की तो केन्को मात्र रात्रंदिवस गो आणि सुगोरोकूत बुडालेल्यांची निंदा करणारे मत नोंदवून त्याला दुजोरा देतो. आणि त्याच्या अलीकडच्याच परिच्छेदात एका सुगोरोकूपटूचा सल्ला कौतुकाने सांगतो : जिंकण्यासाठी खेळू नये, न हरण्यासाठी खेळावे. निबंधकाराला ही चैन परवडते.

पण म्हणून १७४२ सालचा खेळ शोनागोनने रचला असे म्हणता येत नाही. तिच्या मृत्यूनंतर सातशेहून अधिक वर्षांनी छापलेल्या एका पुस्तकावर तिचे नाव आहे, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. तिच्या वहीत गो आहे, सुगोरोकू आहे. सात फळ्या नाहीत. म्हणजे त्या पुस्तकावर दोन नावे होती, त्यांतले एक टोपणनाव होते आणि दुसरे उसने. उसन्या नावाची बाई स्वतःच्या नावाने नव्हे, तर पदाच्या नावाने ओळखली जाणारी. खऱ्या माणसाचे खरे नाव त्या पुस्तकावर कुठेच नव्हते.

४

मग हेच नाव का?

पहिले कारण छापखान्याचे. सतराव्या शतकात जपानात व्यापारी तत्त्वावर पुस्तके छापणे सुरू झाले आणि दरबारी हस्तलिखितांत अडकलेले जुने साहित्य शहरी वाचकापर्यंत पोचले. गणितही पोचले : योशिदा मित्सुयोशीच्या १६२७ सालच्या ‘जिन्कोकी’ने हिशेब आणि गणिती कोडी घरोघरी नेली. ‘उशाची वही’चे विडंबन करणारी ‘इनु माकुरा’ ही यादीवजा रचना त्या शतकाच्या आरंभीचीच. १६७४ साली कितामुरा किगिन या पंडिताने ‘उशाच्या वही’वर ‘शुनशोशो’ ही टीका प्रसिद्ध केली आणि हे पुस्तक सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. शिवाय ‘शंभर कवींची एकेक कविता’ या संग्रहावर आधारलेला पत्त्यांचा खेळ होता. एकाने कविता वाचायची आणि बाकीच्यांनी तिचा उत्तरार्ध असलेला पत्ता इतरांआधी झडप घालून उचलायचा. त्या शंभरांत बासष्टावी कविता सेइ शोनागोनची. म्हणजे हे नाव वाचकाच्या जिभेवर होते आणि खेळणाऱ्याच्या हातातही.

पण ओळखीची नावे इतरही होती. त्याच शंभरांत ‘गेन्जी मोनोगातारी’ची लेखिका मुरासाकी शिकिबू आहे; कीर्तीने ती अधिकच. चातुर्यफळ्यांना तिचे नाव का मिळाले नाही? दुसरे आणि खरे कारण इथे आहे, आणि ते ‘उशाच्या वही’तल्या एका प्रसंगात दिसते.

बाहेर बर्फ साचला आहे, आत झडपा लावून दासींची बैठक बसली आहे. सम्राज्ञी विचारते : शोनागोन, कोरो शिखरावरचा बर्फ कसा असेल बरे? कोरो शिखर चीनमध्ये आहे. तिथून दिसण्याचा प्रश्नच नाही. शोनागोन काहीच बोलत नाही. ती झडप उघडायला लावते आणि स्वतः चिकाचा पडदा उंच गुंडाळते. सम्राज्ञी हसते. कारण चिनी कवी बो ज्यूयी याच्या एका कवितेत अंथरुणातूनच पडदा वर सारून त्या शिखरावरचा बर्फ पाहण्याचा उल्लेख आहे. इतर दासींनाही ती कविता ठाऊक होती. पण तिचे उत्तर कृतीने द्यावे हे त्यांना सुचले नाही.

या प्रसंगाकडे आम्ही वर्षानुवर्षे ‘संदर्भसंपन्नता’ या शीर्षकाखाली पाहत आलो. सात तुकडे हाताळल्यावर तो वेगळा दिसू लागला. सम्राज्ञीने जे दिले ती एक बाह्यरेषा होती. आतल्या जोडांच्या रेषा तिने पुसलेल्या होत्या. शोनागोनने त्या रेषा ओळखल्या आणि हातातल्या वस्तूंनी ती आकृती भरून दाखवली. छायाकृतीच्या कोड्यात याहून वेगळे काय करायचे असते? दिलेली असते ती सीमा. शोधायची असते ती आतली घडण. १७४२ च्या त्या अज्ञात लेखकाच्या मनात नेमका हा प्रसंग होता की नाही, हे सांगणे शक्य नाही. पण तिचे नाव चातुर्याशी जोडले गेले होते ते अशाच प्रसंगांमुळे, आणि खेळाला ते चपखल बसले.

जपानी समीक्षेत या दोन लेखिकांसाठी दोन संज्ञा वापरण्याचा प्रघात आहे. मुरासाकीची ‘आवारे’, म्हणजे वस्तूंच्या क्षणभंगुरतेने मनात उठणारी हळहळ. आणि शोनागोनची ‘ओकाशी’, म्हणजे एखादी गोष्ट नेमकी ध्यानात आल्यावर होणारा प्रसन्न, चमकदार आनंद. आपल्याकडे पोचलेला जपान बहुतांशी ‘आवारे’चा आहे : गळणारी फुले, ओसरता ऋतू, मौन. आजच्या खेळांच्या पेट्यांवरचा जपानही तोच. ‘ओकाशी’ मात्र पेटीबाहेर राहिली. आमचे म्हणणे एवढेच, की एकट्याने तुकडे जुळवण्याचा जपानातला हा जुना, पुराव्यानिशी दाखवता येणारा खेळ ‘ओकाशी’च्या घरचा आहे. तो मन शांत करण्यासाठी नव्हता. मन चमकवण्यासाठी होता. आणि मन एकदा चमकले की ते आपोआप शांतही होते, हा अनुभव कोडे सुटलेल्या कोणालाही आहे.

५

एका हुशार बाईचे नाव खेळाला मिळाले, ही गोष्ट इथेच संपवता आली असती. पण त्या हुशारीची किंमत तिच्याकडून वसूल केली गेली होती, आणि त्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

मुरासाकीने आपल्या रोजनिशीत शोनागोनविषयी कडक शब्दांत लिहिले आहे : ती आत्मसंतुष्ट आहे, चिनी अक्षरे जिथे तिथे मिरवते आणि नीट पाहिले तर त्यांत उणिवा सापडतात, अशा वृत्तीच्या बाईचा शेवट चांगला कसा होईल? पुढच्या काळाने ही भविष्यवाणी खरी करून दाखवण्याचे काम मनावर घेतले. १२०० च्या आसपासच्या ‘मुम्योझोशी’त शोनागोन खेड्यात, फाटक्या वस्त्रांत, जुने दिवस आठवत राहिलेली दिसते. त्यानंतर लवकरच रचलेल्या ‘कोजिदान’ या कथासंग्रहात तर ती मोडक्या घरात राहणारी भेसूर जोगीण आहे. तरुण दरबारी गाडीतून जाताना म्हणतात, शोनागोनची काय दशा झाली! त्यावर ती पडद्याआडून डोके काढून विचारते : उमद्या घोड्याची हाडे विकत घेणार नाही का? उत्तम घोडा हवा म्हणून मेलेल्या घोड्याची हाडे मोठी किंमत देऊन विकत घेतल्याची चिनी कथा तिच्या बोलण्यामागे आहे. गुणवंतांची बूज राखणाराकडेच गुणवंत येतात, हा त्या कथेचा अर्थ.

या कथांना ऐतिहासिक आधार नाही. तिचे अखेरचे दिवस कसे गेले याची खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. पण कथांची रचना पाहण्यासारखी आहे. बुद्धिमान बाईला समाज जी शिक्षा देऊ इच्छितो तीच इथे आहे : एकटेपण. आणि तरीही, ज्याने तिला जोगीण करून मोडक्या घरात बसवले त्या कथाकारालाही तिच्या तोंडी घालायला सापडले ते पुन्हा एक चिनी संदर्भ आणि पुन्हा एक नेमके उत्तर. तिची दुर्दशा त्याने रंगवली, पण तिची बुद्धी त्याला काढून घेता आली नाही.

खरे दुःख वेगळेच होते. ९९५ साली तेइशीचे वडील वारले, पुढल्याच वर्षी भाऊ हद्दपार झाला, चुलता मिचिनागा प्रबळ झाला, आणि १००० साली त्याची मुलगी दुसरी सम्राज्ञी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेइशी बाळंतपणात गेली. शोनागोनच्या वहीत यातले फार थोडे आहे. तिने सम्राज्ञीचे हसणे नोंदवले, शेवट नोंदवला नाही. वहीतल्या उजेडाची बाह्यरेषा इतकी ठळक आहे, की आतले जोड वाचकाने स्वतः शोधावे लागतात.

म्हणून १७४२ साली कोणा टोपणनावधारकाने तिचे नाव सात फळ्यांना दिले, तेव्हा नकळत एक न्याय झाला असे आम्हांला वाटते. दंतकथेने तिला एकटेपण दिले होते. खेळाने तिचे नाव एकांताला दिले. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे भाषेचे उपकार. एकटेपण लादले जाते; एकांत मागून घ्यावा लागतो.

६

उसन्या नावांविषयी थोडे. जाणत्या वाचकाला शंका येईल, की खोट्या श्रेयाचे एवढे कौतुक कशाला?

आपण याच्याशी अपरिचित नाही. महाराष्ट्रातले दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याच्या जन्माआधी उभी राहिलेली कितीतरी देवळेही त्याच्याच नावावर आहेत. मोडी लिपी त्याने आणली, बाजरी त्याने आणली, असे लोक सांगतात. संशोधकाने ही श्रेये तपासून नाकारावीत, ते त्याचे कामच आहे. पण ‘हेमाडपंती’ हा शब्द खोटा ठरत नाही. चुन्याशिवाय दगडात दगड बसवण्याच्या एका कौशल्याला लोकांनी दिलेली ती खूण आहे. ‘शोनागोनच्या फळ्या’ ही त्याच जातीची खूण.

याउलट उदाहरण टॅनग्रामचे आहे. १८१७-१८ च्या सुमारास त्याचे वेड युरोप-अमेरिकेत पसरले आणि ओसरले. १९०३ साली सॅम लॉइड या अमेरिकी कोडेकाराने ‘तानचे आठवे पुस्तक’ प्रसिद्ध केले आणि त्यात ठोकून दिले की हा खेळ चार हजार वर्षांपूर्वी ‘तान’ नावाच्या देवाने निर्माण केला, त्याच्यावर सात प्राचीन ग्रंथ आहेत. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी चीनमध्ये असलेल्या आपल्या मुलाकरवी चौकशी केली. तिथल्या विद्वानांना असा देवही ठाऊक नव्हता आणि ग्रंथही. तरीही चार हजार वर्षांची ती थाप आजही पुस्तकांत आणि पेट्यांवर आढळते.

दोन्ही ठिकाणी इतिहास खरा नाही. फरक कुठे आहे? लॉइडने नसलेला भूतकाळ निर्माण करून वस्तूची किंमत वाढवली. तो विनोदच होता असे मानले तरी वाचकाला ते कळण्याची सोय त्याने ठेवली नाही. गानरेइकेनने असलेल्या लेखिकेचे नाव घेऊन खेळाचे स्वरूप सांगितले. एका नावामुळे आपण चुकीच्या ठिकाणी जातो. दुसऱ्यामुळे ‘उशाच्या वही’कडे. आमच्या पुरता हा निकष पुरेसा आहे.

७

शेवटी खेळाकडे. जाड पुठ्ठ्यातून आम्ही ते सात तुकडे कापले आणि बोन्सायची पेटी बाजूला ठेवून आठवडाभर त्यांच्याशी झटलो. या सात तुकड्यांचा चौरस दोन वेगळ्या रीतींनी होतो. टॅनग्रामचा एकाच रीतीने. याच तुकड्यांतून मधोमध चौकोनी भोक असलेला चौरसही होतो, आणि त्याने आमच्या दोन संध्याकाळी घेतल्या. गणिताची साक्षही या खेळाच्या बाजूने आहे. दोन्ही खेळांचे तुकडे सोळा समान काटकोनी समद्विभुज त्रिकोणांत मोडता येतात. असे सोळा त्रिकोण जोडून खाच नसलेल्या, म्हणजे बहिर्वक्र, अशा फक्त २० आकृत्या संभवतात. त्यांतल्या १३ टॅनग्रामने होतात, हे दोघा चिनी गणितज्ञांनी १९४२ साली सिद्ध केले. शोनागोनच्या तुकड्यांनी १६ होतात, हे या शतकातल्या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवले.

हे तुकडे जुळवताना जो अनुभव येतो तो आम्हांला वाचनाच्या अनुभवाहून वेगळा करता येत नाही. माणूस एकटा बसलेला असतो, पण समोरची बाह्यरेषा दुसऱ्या कोणीतरी आखलेली असते. त्याला ती कशी भरली हे ठाऊक होते आणि त्याने ते मुद्दाम झाकले. तुकडा फिरवताना आपण त्या माणसाशीच बोलत असतो. तुकडे सर्वांना सारखेच मिळालेले असतात. जसे त्या बर्फाच्या दिवशी सगळ्या दासींना ती कविता येत होती.

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गात आम्ही एक प्रयोग केला. एका कथेवरील टिपणाऐवजी प्रत्येकाला पुठ्ठ्याचे सात तुकडे आणि एक छायाकृती दिली, आणि बोलायचे नाही असे सांगितले. दहा मिनिटांत पहिला प्रश्न आला : सर, याचे उत्तर शेवटच्या पानावर आहे का? १७४२ च्या पुस्तकातही उत्तरे होती, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. उत्तरे असण्यात गैर काही नाही. गाइडे आम्हीही वाचली आहेत. पण आकृती आधी आणि उत्तर नंतर, हा क्रम मोडला की हातात उरतात ते पुठ्ठ्याचे तुकडे. तो तास संपल्याची घंटा झाली तरी चार जण उठले नाहीत. त्यांतल्या एका मुलीने भोकाचा चौरस जुळवला होता. तिने तो कोणाला दाखवला नाही; थोडा वेळ पाहिला, तुकडे विस्कटले आणि दुसऱ्या रीतीने जुळतो का ते बघू लागली.

बोन्सायची पेटी अजून आमच्या टेबलावर आहे, आणि थकव्याच्या दिवशी ते झाड अजूनही बरे वाटते. मात्र आता फुलाभोवतीच्या रिकाम्या बाजू मोजताना कोणीतरी पडदा वर गुंडाळत असल्यासारखे वाटते. त्या विद्यार्थिनीला ‘उशाच्या वही’चे इंग्रजी भाषांतर वाचायला दिले आहे. तिचे टिपण आले, की तेही इथे द्यावे असा विचार आहे.